सोडणारे पुष्कळ, सुटलेले थोडे

धूम्रपान वाईट आहे हे धूम्रपान करणाऱ्याला सांगायची गरज आता उरलेली नाही. पाकिटाचा पंच्याऐंशी टक्के भाग इशाऱ्यानं आणि रोगट घशा-तोंडाच्या चित्रानं व्यापलेला असतो, सिनेमा सुरू होण्याआधी तोच इशारा कानावर आदळतो, आणि घरी मुलीचा तगादा असतो तो वेगळाच. २०१६-१७ साली देशभर झालेल्या 'ग्लोबल अ‍ॅडल्ट टोबॅको सर्व्हे'त धूम्रपान करणाऱ्यांपैकी ५५.४ टक्के लोकांनी सोडायचा बेत किंवा निदान विचार असल्याचं सांगितलं. आधीच्या बारा महिन्यांत ३८.५ टक्क्यांनी प्रयत्न करूनही पाहिला होता. पण त्यातल्या सत्तर टक्क्यांहून जास्त जणांनी तो कुणाच्याही मदतीशिवाय केला होता. ना औषध, ना समुपदेशन, ना फोनवरचा सल्ला. एके सकाळी उरलेलं पाकीट कचऱ्यात फेकायचं आणि 'आजपासून बंद' म्हणायचं, इतकीच काय ती तयारी.

असे मदतीविना सोडणारे वर्षभर टिकतात ते शंभरात तीन ते पाच, असं अनेक अभ्यासांतून दिसलेलं आहे. मग उरलेले सगळे लेचेपेचे म्हणायचे का? आपल्याकडे तसंच म्हणतात. 'मनावर घेतलं की सुटतं, माझ्या मामानं एका दिवसात सोडली' हे वाक्य ज्यानं ऐकलं नाही असा सिगारेटवाला शोधून सापडायचा नाही. त्या मामाचा मान राखूनही सांगायला हवं, की सोडण्याचा हा प्रश्न आपण निर्धाराच्या खात्यात टाकून मोकळे झालो आहोत. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतलं संशोधन वेगळं सांगतं. निर्धार बहुतेकांकडे असतो. तो कुठल्या पाच मिनिटांत मोडतो हे त्यांना ठाऊक नसतं, आणि त्या पाच मिनिटांसाठी हाताशी काही नसतं.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर आधी एक खुलासा करावा लागतो. त्याच सर्वेक्षणात राज्यातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचं सेवन करणारे निघाले. पण बिडी-सिगारेट ओढणारे अवघे ३.८ टक्के, आणि तंबाखू खाणारे, मळणारे, मिश्री लावणारे २४.४ टक्के. म्हणजे आपला मूळ मामला धुराचा नाही, पुडीचा आहे. दोन्हींच्या मुळाशी मात्र निकोटिन एकच. सिगारेट सुटावी म्हणून तंबाखू-चुन्याचा बार भरायला लागलेले आणि पुढे दोन्ही करत राहिलेले लोक प्रत्येक कचेरीत, प्रत्येक एसटी डेपोत असतात. 'निदान धूर तरी बंद झाला' ही समजूत तोंडाच्या कर्करोगाला फार सोयीची आहे. म्हणून या आढाव्यात बिडी-सिगारेट पुढे असली तरी पुडी अधूनमधून डोकावणारच.

झुरका घेतला की दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं. सुई टोचूनही औषध याहून फार लवकर पोचत नाही. तिथे ते ठरावीक ग्राहींना (रिसेप्टरांना) चिकटतं आणि डोपामिन सुटतं, बरं वाटतं. रोज पुरवठा होत राहिला की मेंदू या ग्राहींची संख्या वाढवून ठेवतो, आणि मग ते रिकामे राहिले की अस्वस्थपणा सुरू होतो. रक्तातलं निकोटिन दर दोन तासांनी साधारण निम्म्यावर येतं, त्यामुळे रात्रीच्या झोपेत शरीर बरंचसं रितं होतं. सकाळची पहिली सिगारेट सगळ्यात गोड का लागते, याचं उत्तर हे. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ कार्ल फागरस्ट्रॉम यांनी १९७० च्या दशकात व्यसनाची खोली मोजायला प्रश्नावली तयार केली. तिच्यातला सगळ्यात कामाचा प्रश्न दिवसाला किती ओढता हा नाही, तर उठल्यावर किती वेळात पहिली ओढता, हा आहे. अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर पकड घट्ट समजावी.

आपल्याकडे या सकाळच्या सिगारेटला आणखी एक कारण चिकटलेलं असतं, जे चारचौघांत कुणी बोलत नाही: तिच्याशिवाय पोट साफ होत नाही. हे निव्वळ निमित्त नव्हे. निकोटिन आतड्यांची हालचाल वाढवतं, आणि सोडल्यावर काही आठवडे बद्धकोष्ठ होणं ही नोंदवलेली तक्रार आहे. किती जणांचा निर्धार संडासाच्या दारात मोडला असेल याची मोजदाद कुणी केलेली नाही. उपाय अगदी साधा: उठल्यावर दोन भांडी कोमट पाणी, रात्रीच्या जेवणात पालेभाजी किंवा काकडी, लागलं तर पहिले पंधरा-वीस दिवस इसबगोल. सोडण्याची तारीख ठरवताना हे सांगून ठेवलं तर चौथ्या दिवशीची फजिती टळते. पण सोडण्याबद्दलची आपली चर्चा फुप्फुसाच्या काळ्या चित्रांपलीकडे जातच नाही.

सोडल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट. चिडचिड होते, झोप उडते, लक्ष लागत नाही, भूक खवळते. काहींना खोकला वाढल्यासारखा वाटतो, काहींचं तोंड येतं. आठवड्याभरात उतार लागतो आणि तीन-चार आठवड्यांत शरीराची कुरकुर बहुतांशी थांबते. धूम्रपान करणाऱ्यांना एक गंमत सहसा माहीत नसते. धुरातल्या डांबरी द्रव्यांमुळे यकृत कॅफिनचा निचरा झपाट्यानं करत असतं. धूर थांबला की तो वेग उतरतो, आणि तेवढ्याच चहा-कॉफीतून रक्तात पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त कॅफिन राहतं. छातीत धडधड, हात थरथरणं, रात्री टक्क जाग, हे सगळं सिगारेट सोडल्याचा त्रास समजून माणूस पुन्हा टपरीवर जातो. प्रत्यक्षात तो सहावा चहा असतो. सोडणाऱ्यानं पहिल्या आठवड्यात चहा निम्म्यावर आणावा. आपल्याकडे चहा आणि सिगारेट ही जोडीच असल्यानं एका दगडात दोन पक्षी मरतात.

'टेन्शन आलं की ओढतो' हा सगळ्यात पक्का समज. बॉसनं झापलं, घरी भांडण झालं, की दोन झुरक्यांनी शांत वाटतं, यात खोटं काही नाही. फक्त त्या शांततेचा बराचसा भाग म्हणजे आधीच्या सिगारेटीला दोन तास झाल्यामुळे साचलेला अस्वस्थपणा शमणं. २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. सोडलेल्या लोकांची चिंता, उदासी आणि ताण न सोडलेल्यांच्या तुलनेत कमी झाल्याचं त्यात दिसलं. मानसिक आजार असलेल्यांतही तेच. नैराश्याच्या रुग्णाला 'सध्या सिगारेट राहू दे, एवढाच तर आधार आहे' असं सांगणारे डॉक्टर अजून आहेत. त्यांनी हा आढावा वाचायला हवा.

शरीराची कुरकुर महिन्याभरात थांबते, मग सहा महिन्यांनी पुन्हा तल्लफ कुठून येते? जागेतून, वेळेतून, माणसांतून. हजारो वेळा जेवणानंतर ओढलेली सिगारेट जेवणानंतरच आठवते. पहिला पाऊस, रात्रीची ड्युटी, गावाकडे जाताना घाटातल्या थांब्यावर एसटीतून उतरणं, लग्नघराच्या मागची जागा, कचेरीतल्या मित्राचं 'चल रे, खाली जाऊन येऊ.' या 'खाली जाऊन येऊ'त निकोटिनपेक्षा सोबत जास्त असते, म्हणून नुसतं निकोटिन सोडून भागत नाही. तिथं उभं राहायचं तर हातात काहीतरी हवं, आणि न जावं तर माणूस गटातून बाहेर पडतो. २००७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक चमत्कारिक निरीक्षण छापून आलं होतं: पक्षाघातासारख्या आजारात मेंदूतल्या इन्सुला नावाच्या भागाला इजा झालेल्या काही रुग्णांची सिगारेट आपसूक सुटली होती, तल्लफच उरली नव्हती. तल्लफ ही मेंदूत ठिकाण असलेली गोष्ट आहे, तिचा चारित्र्याशी संबंध नाही, हे यापेक्षा स्पष्ट कसं दाखवायचं?

या तल्लफेचा एक गुण सोडणाऱ्याच्या बाजूचा आहे. ती आली की वाढते, शिगेला जाते आणि ओसरते. बहुतेक वेळा तीन ते पाच मिनिटांत. ओढलं नाही तर ती वाढतच जाईल ही भीती खोटी आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लाट यांनी या ओसरण्यावरच एक पद्धत उभी केली. तल्लफेशी झगडायचं नाही, तिच्यापासून पळायचंही नाही. समुद्रातल्या लाटेवर अंग सैल सोडून तरंगावं तसं ती कुठे जाणवते, घशात की छातीत की बोटांत, ते पाहत राहायचं. कागदावर हे जरा अधांतरी वाटतं. ज्यांना अशा पाहण्यात रस नाही त्यांच्यासाठी पाय आहेत. पाच-दहा मिनिटं भरभर चाललं तर तल्लफेचा जोर तेवढ्यापुरता उतरतो, हे अनेक प्रयोगांत दिसलं आहे. जेवण झाल्याबरोबर ताट उचलून थेट दात घासायला जाणं ही त्याहून सोपी युक्ती. टूथपेस्टच्या चवीवर सिगारेट चांगली लागत नाही. तोंडात लवंग, बडीशेप किंवा वाळवलेला आवळा चालेल. सुपारी मात्र नको. सिगारेट सोडताना सुपारी धरणारे पुष्कळ, पण ती स्वतः कर्करोगकारक आहे आणि तिची वाट गुटख्याकडे जाते.

या सगळ्या युक्त्यांत एक गोष्ट समान आहे: त्या आधी ठरवून ठेवाव्या लागतात. तल्लफ आल्यावर डोकं युक्त्या शोधत नाही, काडेपेटी शोधतं. आठवड्याभराच्या सिगारेटी कधी, कुठे, कुणाबरोबर ओढल्या हे पाकिटावरच लिहिलं तर त्यातल्या निम्म्या न आठवणाऱ्या निघतात आणि चार-पाच खरोखरच्या अवघड वेळा समोर येतात. तयारी त्या वेळांची करायची. त्यात दारूची वेळ वेगळ्या रंगानं लिहावी. पेला हातात असताना सिगारेट नाकारणं हे सोडलेल्यांपैकी फार थोड्यांना जमतं. पहिला महिना तरी अशा बैठकीला न गेलेलं बरं, आणि गेलंच तर तिथल्या एकाला तरी आधी सांगून ठेवावं.

एकदम सोडावी की हळूहळू, हा वाद जुना. इंग्लंडमध्ये ६९७ जणांवर झालेला एक नीट बांधलेला प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. ठरल्या दिवशी एकदम सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के चार आठवड्यांनी टिकून होते, दोन आठवडे कमी करत जाऊन सोडणाऱ्यांपैकी ३९ टक्के. सहा महिन्यांनी ते आकडे २२ आणि १५.५ झाले. दोन्ही गटांना औषध आणि आधार होता, हे विसरू नये. तेव्हा तारीख ठरवून एकदम सोडणं बरं. पण कमी करत जाणाऱ्याला हसू नये, तोही कुठेतरी निघालेला असतो. 'कमी केली आहे' यावर समाधान मानणं मात्र धोक्याचं. विसावरून पाचावर आलेला माणूस त्या पाच जास्त खोल आणि जास्त वेळ ओढतो, शरीर आपला हप्ता वसूल करतंच. २०१८ च्या एका मोठ्या आढाव्यात असं निघालं की दिवसाला वीस ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, त्यातला जवळजवळ निम्मा दिवसाला एक ओढणाऱ्यालाही असतो. बिडी तर सारखी विझते, म्हणून ती मिनिटाला अधिक वेळा ओढावी लागते. लहान दिसते म्हणून ती सौम्य, हा हिशेब चुकीचा.

आपल्याकडचा खास मार्ग म्हणजे शपथ. देवासमोर, आईच्या पायावर हात ठेवून, नाहीतर तुळशीची माळ घालून. वारीच्या परंपरेनं कित्येक घरांतली दारू बंद केली आहे, आणि त्यात धर्मापेक्षाही रचनेचा भाग मोठा आहे: माळ दिसते, गावाला कळते, दर एकादशीला सोबत मिळते, आणि 'घेतोस का?' असं विचारणारेच कमी होतात. संशोधक ज्याला सामाजिक आधार म्हणतात तो हाच. पण तंबाखूला या रचनेत बऱ्याच ठिकाणी सूट आहे. दिंडीत टाळ वाजवणाऱ्याच्या कमरेला चंची आढळली तर कुणी हटकत नाही. दारू-गर्दसारख्या व्यसनांसाठी पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, गावोगावी बैठका होतात, पाचशे दिवस झाले म्हणून टाळ्या वाजतात. सिगारेट सोडून पाचशे दिवस झालेल्यासाठी टाळी कोण वाजवतं? ही पोकळी मला औषधांच्या किमतीपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते.

तरी औषधांकडे यायलाच हवं, कारण त्यांच्याबद्दल गैरसमज उदंड आहेत. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ मायकेल रसेल यांनी १९७६ सालीच हे मांडलं होतं, की लोक ओढतात ते निकोटिनसाठी आणि मरतात ते त्याबरोबर येणाऱ्या डांबरानं. त्यातून पुढची पायरी उघड होती: निकोटिन द्या, धूर काढून घ्या. त्याच सुमारास स्वीडनच्या लिओ कंपनीत ओव्ह फेर्नो निकोटिनचं च्युइंग गम तयार करत होते. ती कल्पना आली पाणबुडीतल्या खलाशांवरून. आत सिगारेट ओढता येत नाही, म्हणून ते तंबाखू चघळून वेळ मारून नेत. आज आपल्या औषधाच्या दुकानात दोन मिलिग्रॅमचं हे गम चिठ्ठीशिवाय मिळतं. आणि बहुतेक लोक ते चुकीचं खातात.

ते साध्या च्युइंग गमसारखं कचाकचा चावलं की निकोटिन थुंकीबरोबर पोटात जातं. तिथे त्याचा उपयोग थोडा, उचकी आणि मळमळ मात्र भरपूर. योग्य रीत अशी: सावकाश दहा-पंधरा वेळा चावायचं, जिभेला मिरमिर लागली की थांबायचं आणि गम गाल व हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचं. मिरमिर गेली की पुन्हा थोडं चावायचं, जागा बदलून ठेवायचं. असं अर्धा तास. आधीची पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी, सरबत नाही, कारण आंबट झालेल्या तोंडातून निकोटिन शोषलं जात नाही. गंमत अशी की तंबाखूचा विडा गालात धरायला सरावलेल्या मराठी माणसाला ही रीत कुणी शिकवायचीही गरज पडू नये. पण दुकानदार पट्टी हातात देतो, कागद कुणी वाचत नाही, दोन दिवस मळमळतं आणि 'ते गमबिम काही उपयोगाचं नाही' असा निकाल लागतो. दुसरी चूक म्हणजे कंजुषी. तल्लफ असह्य झाली की एखादं, असं खाल्लं तर काही होत नाही. सुरुवातीला दर एक-दोन तासांनी घ्यावं आणि आठ-बारा आठवड्यांत उतरवत न्यावं. सकाळपासून ओढणाऱ्यांना दोन मिलिग्रॅम पुरत नाही, चार लागतं, आणि ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतं. दंडावर लावायची पट्टी आणि वर गम, असं दोन्ही एकत्र घेतलं तर एकट्यापेक्षा यश जास्त. निकोटिन देणाऱ्या या उपायांनी एकंदर टिकण्याची शक्यता साधारण दीडपट होते.

गोळ्या दोन. बुप्रोपिऑन हे मूळचं नैराश्यावरचं औषध. अमेरिकेत १९९७ साली सिगारेट सोडण्यासाठी मान्य झालं. फिट येणाऱ्यांना ते चालत नाही. दुसरी व्हरेनिक्लिन, २००६ ची. तिचं मूळ सायटिसिन या वनस्पतिजन्य द्रव्यात आहे, ज्याच्या गोळ्या बल्गेरियात १९६४ पासून विकल्या जात होत्या आणि पश्चिमेनं कित्येक दशकं त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. व्हरेनिक्लिन निकोटिनच्या जागेवर अर्धवट बसते: तल्लफ शमते आणि वरून ओढलं तरी मजा येत नाही. तिच्यामुळे आत्महत्येचे विचार येतात अशी ओरड झाली होती. २०१६ साली 'लॅन्सेट'मध्ये आठ हजारांहून अधिक लोकांवरचा प्रयोग छापला गेला, त्यात तसा लक्षणीय फरक दिसला नाही, आणि परिणामकारकतेत ती पट्टी आणि बुप्रोपिऑन दोन्हींच्या पुढे निघाली. नंतर २०२१ मध्ये मूळ कंपनीनं गोळीत आढळलेल्या अशुद्ध द्रव्याच्या अंशामुळे ती मागे घेतली. पुढे जेनेरिक आली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२४ मध्ये प्रौढांच्या तंबाखूमुक्तीसाठी पहिली उपचारसूत्रं प्रसिद्ध केली, त्यात ही सगळी औषधं आहेत. ई-सिगारेटवर आपल्याकडे २०१९ पासून बंदी आहे, तेव्हा इंग्लंडमध्ये तिनं सोडणाऱ्यांना मदत झाल्याचे निष्कर्ष इथे वाचण्यापुरतेच.

औषधांहून स्वस्त आणि सगळ्यात वाया गेलेला उपाय म्हणजे डॉक्टरांची दोन मिनिटं. याच रसेल यांनी १९७९ साली लंडनच्या दवाखान्यांत दोन हजारांवर लोकांवर एक साधा प्रयोग केला. डॉक्टरांनी नेहमीच्या तपासणीत 'सिगारेट सोडा' असं स्पष्ट सांगायचं, एक पत्रक द्यायचं, पुन्हा चौकशी करणार म्हणून बजावायचं. वर्षानंतर अशा गटात ५.१ टक्के सुटलेले होते, काहीच न सांगितलेल्यांत ०.३ टक्के. आकडा लहान वाटेल, पण तो रोज चाळीस रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरच्या वर्षाला लावून पाहा. दिल्लीच्या झोपडवस्त्यांत झालेल्या अशाच प्रयोगात एकदाच पंधरा मिनिटं सल्ला आणि श्वसनाचा योगाभ्यास दिला; सात महिन्यांनी तपासून खात्री केलेली मुक्ती अडीच टक्क्यांच्या आसपास, नुसती जुजबी सूचना मिळालेल्यांत अर्धा टक्का. आपल्या देशातलं काम रसेल यांच्या प्रयोगाहूनही जुनं आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या डॉ. फली मेहता आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ खेडुतांची तोंडं तपासली होती. तो अहवाल १९७२ चा. पुढे संशोधक प्रकाश गुप्तांसह त्यांनी एर्नाकुलम, भावनगर आणि श्रीकाकुलम जिल्ह्यांत छत्तीस हजारांवर तंबाखूसेवकांना दहा वर्षं घरोघर जाऊन समजावलं, आणि निरक्षर खेडूतही सोडतो, सोडल्यावर तोंडातले पांढरे चट्टे कमी होतात, हे दाखवून दिलं. आणि इतक्या वर्षांनंतर? २०१६-१७ च्या सर्वेक्षणात डॉक्टरांकडे गेलेल्या धूम्रपानवाल्यांपैकी ४८.८ टक्क्यांनाच सोडायला सांगण्यात आलं होतं. तंबाखू खाणाऱ्यांपैकी ३१.७ टक्क्यांना. पुडीला डॉक्टरही व्यसन मानत नाहीत असा याचा अर्थ घ्यावा लागतो.

फोनवरची मदत आहे, ती कुणाला दिसत नाही. पाकिटावरच्या त्या भीतिदायक चित्राजवळच २०१८ पासून एक क्रमांक छापलेला असतो: १८००-११-२३५६. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये २०१६ साली सुरू झालेली ही मोफत सेवा. नंतर मुंबईच्या टाटा मेमोरियलसह आणखी केंद्रं जोडली गेली. चित्र पाहून नजर वळवणारा माणूस क्रमांकही पाहत नाही, ही त्या रचनेतली खोट.

आता घसरण्याबद्दल. सोडणारे बहुतेक जण अनेकदा सोडतात. सरासरी किती वेळा, याचे अंदाज सहापासून तीसपर्यंत आहेत. त्यामुळे महिन्यानं एका लग्नात ओढलेली एक सिगारेट ही बातमी नव्हे. घात करतो तो पुढचा विचार: 'गेलं सगळं, आता काय उपयोग', आणि संध्याकाळी पाकीट. मार्लाट यांनी एक सिगारेट आणि पुन्हा लागलेलं व्यसन यांत काळजीपूर्वक फरक केला तो याचसाठी. शपथेचा तोटा इथे दिसतो. शपथ एकदा मोडली की मोडली; तिला दुरुस्ती नसते.

त्या एका सिगारेटीसाठी आपल्या रस्त्यांनी सोयही उत्तम केलेली आहे. सोडलेला माणूस पाकीट विकत घेत नाही, त्याची त्याला लाज वाटते. तो टपरीवर 'एक सुट्टी दे' म्हणतो, दोरीला टांगलेल्या लायटरवर पेटवतो आणि तल्लफेच्या पाच मिनिटांतली दोन संपायच्या आत काम झालेलं असतं. महाराष्ट्र सरकारनं सप्टेंबर २०२० मध्ये सुट्ट्या सिगारेटी-बिड्या विकायला बंदी घातली.  तल्लफ समजून केलेला कायदा म्हणून मला तो मोलाचा वाटतो. टपरीवर मात्र तो पोचलेला दिसत नाही.

विदर्भातला खर्रा याहून अवघड. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकवर घोटून टपरीवरच बनतो, त्यामुळे २०१२ ची गुटखाबंदी त्याला जाचत नाही. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेच्या पुढाकारानं २०१६ पासून 'मुक्तिपथ' अभियान गावसभा, दुकानबंदी आणि उपचार यांची सांगड घालत आहे. एकेकट्याला सोडायला लावण्यापेक्षा गावानंच सोडावं, ही त्यामागची धारणा. मिश्री लावणाऱ्या बायकांकडे तर कुणी पोचलेलंच नाही. सकाळी चुलीवर भाजलेली तंबाखू दातांना लावून बसलेली बाई स्वतःला व्यसनी समजत नाही, तिला दातदुखी असते. तिला कोण विचारणार आणि कसं, याचं उत्तर गावच्या आशा सेविकांकडे असू शकतं.

उशीर झाला आहे, आता सोडून काय फायदा, हे पन्नाशीतलं आवडतं वाक्य. इंग्लंडच्या डॉक्टरांचा रिचर्ड डॉल यांनी १९५१ पासून पन्नास वर्षं पाठपुरावा केला. तिशीला सोडणाऱ्यांनी साधारण दहा वर्षं परत मिळवली, चाळिशीला सोडणाऱ्यांनी नऊ, पन्नाशीला सहा, साठीला तीन. वजन मात्र वाढतं, वर्षभरात सरासरी चार-पाच किलो. ते आधीच सांगावं, नाहीतर दोन महिन्यांनी पँट आवळली की माणूस परत फिरतो.

२०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत निकोटिन उपचार आले. यादीत येणं आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात असणं यांत अंतर असतं. सिगारेटवर महिन्याला सरासरी बाराशे रुपये (हा २०१६-१७ च्या सर्वेक्षणातला आकडा) उडवणारा ते दुकानातून घेईल. बिडीवर (त्याच सर्वेक्षणाप्रमाणे) पावणेतीनशे-तीनशे रुपये खर्च करणाऱ्याला ते बिडीहून महाग पडतं, आणि गरज त्याला जास्त आहे. २००३ साली चेन्नईच्या अभ्यासानं दाखवलं होतं की भारतीय पुरुषांच्या क्षयानं होणाऱ्या निम्म्या मृत्यूंमागे धूम्रपान आहे. दिवसाला बंडलभर बिडी ओढणारा क्षयाचा रुग्ण सहा महिने औषधाच्या खिडकीवर येतच असतो. गमची पट्टी आणि 'गेल्या खेपेपासून किती ओढल्या?' हा प्रश्न, दोन्ही त्याला तिथेच, त्याच खिडकीतून मिळायला हवेत.